अर्थमिती: सिद्धता पाठ होतात, पण आउटपुटचा तक्ता वाचता येत नाही. अभ्यास नेमका कसा करावा?

दुसरे_सत्र (प्रश्न)

अर्थमितीच्या (आकड्यांवरून आर्थिक नाती मोजण्याच्या विषयाच्या) तासाला ओएलएसचं (बिंदूंना सगळ्यात जवळची रेषा काढण्याच्या पद्धतीचं) मॅट्रिक्स सूत्र, गॉस-मार्कोव्हची (ओएलएस कधी सर्वोत्तम ठरतं हे सांगणाऱ्या प्रमेयाची) सिद्धता आणि गृहीतकांची यादी फळ्यावर होते. लॅबमध्ये तयार कमांड टाकून आउटपुट काढलं जातं. या दोन्हींचा सांधा कुठेच बसत नाही, आणि परीक्षेत मात्र तक्ता देऊन 'अर्थ लावा' असं विचारतात. अडलेल्या गोष्टी तीन:

१. एरर आणि रेसिड्युअल यांत फरक काय? रेसिड्युअल आणि क्ष यांचं कोरिलेशन शून्य आलं, तर एक्सॉजेनिटीचं (एररचा क्षशी संबंध नसण्याचं) गृहीतक पाळलं गेलं असं लिहिता येईल का?
२. आर-स्क्वेअर (यच्या चढउतारातला मॉडेलने समजावलेला वाटा) ०.८९ असून सहगुणक (रेषेचा उतार) सिग्निफिकंट (शून्यापेक्षा खात्रीने वेगळा) नाही, असं कसं होतं?
३. सिद्धता सोडून दिल्या तर चालेल का? परीक्षेला आठ आठवडे आहेत.

खडू_फळा

पहिले दोन प्रश्न तीन आकड्यांत सुटतात. सॉफ्टवेअर बंद करा आणि कागद घ्या. क्ष = १, २, ३ आणि य = २, ३, ७.

क्षची सरासरी २, यची ४. सरासरीपासूनच्या फरकांचे गुणाकार करून बेरीज ५, क्षच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २. म्हणजे उतार २.५ आणि इंटरसेप्ट ४ − ५ = −१. रेषेवरच्या किमती १.५, ४, ६.५. रेसिड्युअल: ०.५, −१, ०.५.

आता रेसिड्युअलची बेरीज करा: शून्य. प्रत्येक रेसिड्युअलला त्याच्या क्षने गुणून बेरीज करा: ०.५ − २ + १.५, पुन्हा शून्य. हा योगायोग नाही. ओएलएस उतार आणि इंटरसेप्ट निवडतं तेच या दोन बेरजा शून्य होतील असे. डेटा कितीही खराब असो, हे कोरिलेशन शून्यच येणार. म्हणून त्यावरून एक्सॉजेनिटीबद्दल काहीही कळत नाही. ते गृहीतक एररबद्दल आहे. एरर म्हणजे खऱ्या रेषेपासूनचं यचं अंतर, आणि खरी रेषा माहीत नसल्याने तो आपल्याला कधीच दिसत नाही. रेसिड्युअल हा त्याचा अंदाज, तोही आपणच काढलेल्या रेषेवरून. उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

दुसरा प्रश्न त्याच आकड्यांवर. यच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १४, रेसिड्युअलच्या वर्गांची १.५. आर-स्क्वेअर = १ − १.५/१४ = ०.८९. निरीक्षणं तीन, काढलेले सहगुणक दोन, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम फक्त एक. एररच्या व्हेरिअन्सचा अंदाज १.५ भागिले १, उताराचा स्टँडर्ड एरर १.५/२ चं वर्गमूळ, म्हणजे ०.८७. टी = २.८९. 'दोनच्या वर आहे, म्हणजे सिग्निफिकंट' असं लिहाल तर चुकेल, कारण एका डिग्रीला ५ टक्के पातळीची मर्यादा १२.७१ आहे. पी-व्हॅल्यू ०.२१ येते.

मॅट्रिक्सचं सूत्रही याच आकड्यांवर चालवा. इंटरसेप्टसाठी क्षच्या शेजारी १ चा एक रकाना धरा. क्ष-ट्रान्सपोझ-क्ष = पहिली ओळ ३, ६; दुसरी ६, १४. डिटर्मिनंट ६. क्ष-ट्रान्सपोझ-य = १२, २९. इन्व्हर्स काढून गुणा: −१ आणि २.५. वर्गात सूत्र महिनाभर फळ्यावर असतं, पण त्यात एकदाही आकडे भरले जात नाहीत. ही शिकवण्यातली खरी उणीव आहे, आणि ती अर्ध्या तासात भरून निघते.

दुसरे_सत्र

मग एक्सॉजेनिटी तपासायची कशी? आणि नमुना मोठा घेतला तर अडचण सुटते का?

समीकरण

नाही सुटत. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सिम्युलेशन करा. आर, स्टाटा, पायथॉन, कशातही पंधरा ओळींच्या आत होतं.

क्ष, यू आणि व्ही हे स्टँडर्ड नॉर्मलमधून स्वतंत्रपणे काढा. झ = ०.५ क्ष + व्ही. मग य = १ + २ क्ष + ३ झ + यू. खरा सहगुणक २ आहे, कारण तो तुम्हीच ठरवलाय. आता झ वगळून यचं फक्त क्षवर रिग्रेशन चालवा. नमुना १०० चा, हजार वेळा. हजार सहगुणकांची सरासरी ३.५ च्या आसपास येईल: २ + ३ × ०.५. वगळलेल्या चलाचा परिणाम गुणिले त्याचं क्षशी असलेलं नातं. ओमिटेड व्हेरिएबल बायसचं सूत्र हेच.

मग नमुना १०,००० करा. १०० च्या नमुन्यात सहगुणक बहुतेक वेळा २.९ ते ४.१ मध्ये पडत होते, आता ३.४४ ते ३.५६ मध्ये पडतील. स्टँडर्ड एरर दहापट लहान झाला, पण मध्य ३.५ वरून हलला नाही. मोठ्या नमुन्याने चुकीचं उत्तर जास्त ठामपणे दिलं. आउटपुटमधल्या तीन ताऱ्यांवर (सिग्निफिकंट असल्याच्या खुणेवर) किती विसंबायचं, ते इथे कळतं.

राहिला तपासण्याचा प्रश्न. एक्सॉजेनिटी आकड्यांवरून सिद्ध होत नाही, तिच्यासाठी युक्तिवाद करावा लागतो: एररमध्ये काय काय दडलंय, त्यातलं क्षशी कशाचं नातं असू शकतं, आणि त्यामुळे सहगुणक कोणत्या बाजूला सरकेल. सूत्रातल्या दोन्ही भागांची चिन्हं लिहून गुणाकार करा, दिशा मिळते. इन्स्ट्रुमेंट (क्षशी जोडलेलं, पण एररशी संबंध नसलेलं दुसरं चल) वापरलं तरी ते एररपासून अलग आहे हे युक्तिवादानेच पटवावं लागतं. तपासता येते ती दुसरी अट, इन्स्ट्रुमेंटचं क्षशी नातं पुरेसं घट्ट आहे का ही. त्यासाठी पहिल्या टप्प्यातला, म्हणजे क्षच्या इन्स्ट्रुमेंटवरच्या रिग्रेशनमधला, एफ बघतात. १० च्या खाली असेल तर सावध राहायचं, असा जुना ठोकताळा आहे.

साफ_डेटा

तक्ता वाचण्याबद्दल. बहुतेक जण ताऱ्यांपासून सुरुवात करतात. आधी निरीक्षणांची संख्या बघा. एखादं नवं चल घातलं की ज्या ओळींत ते रिकामं आहे त्या ओळी सॉफ्टवेअर वगळतं. पहिल्या रकान्यात ८०० आणि तिसऱ्यात ५४० निरीक्षणं असतील, तर सहगुणक बदलला तो नव्या चलामुळे की नमुना बदलल्यामुळे, हे सांगता येत नाही. तिसऱ्या रकान्याच्या नमुन्यावर पहिलं मॉडेल पुन्हा चालवा आणि मगच तुलना करा.

दुसरं, एकक. य हजारात आहे की लॉगमध्ये? यचा लॉग आणि शिक्षणाच्या वर्षांचा सहगुणक ०.०८ असेल, तर एका जादा वर्षामागे साधारण ८ टक्के वाढ. पण डमीचा (फक्त ० किंवा १ किंमत घेणाऱ्या चलाचा) सहगुणक ०.३५ असेल तर ३५ टक्के लिहू नका: ई चा ०.३५ वा घात वजा १, म्हणजे ४२ टक्के. −०.३५ असेल तर घट साधारण ३० टक्के. लहान सहगुणकांना जवळचा अंदाज खपतो, मोठ्यांना नाही.

लॅबमध्ये नेहमी होणाऱ्या चुका: माहिती नाही यासाठी भरलेला ९९ हा खरा आकडा समजून रिग्रेशनमध्ये जातो, शून्य किमतींचा लॉग घेतल्याने त्या ओळी गळतात, १, २, ३, ४ असे कोड दिलेला गट डमी न करता थेट घातला जातो. रिग्रेशनच्या आधी प्रत्येक चलाचा किमान, कमाल आणि रिकाम्या ओळींची संख्या बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

सिद्धतांचं म्हणाल तर सोडून द्या. परीक्षेत गुण अर्थ लावण्याला असतात.

खडू_फळा

शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. सगळ्या सिद्धता पाठ करायला नकोत हे खरं, पण तीन मांडता आल्याच पाहिजेत: ओएलएस अनबायस्ड (सरासरीने खरं उत्तर देणारं) असण्याची, वगळलेल्या चलाच्या बायसची, आणि सहगुणकाच्या व्हेरिअन्सची. कारण कोणतं गृहीतक कोणत्या ओळीत वापरलं जातं, ते तिथेच दिसतं.

उदाहरण घ्या. 'हेटेरोस्केडॅस्टिसिटीमुळे (एररचा व्हेरिअन्स स्थिर नसल्यामुळे) सहगुणक बायस्ड होतो' हे वाक्य शेकडो उत्तरपत्रिकांत सापडतं. पहिल्या सिद्धतेत एररचा व्हेरिअन्स स्थिर असण्याची गरज कुठेच लागत नाही, म्हणून सहगुणक अनबायस्डच राहतो. बिघडतो तो नेहमीचा स्टँडर्ड एरर. त्यामुळेच रोबस्ट पर्याय (स्थिर व्हेरिअन्स न धरता स्टँडर्ड एरर काढणारा) लावला की सहगुणकाचा एकही अंक बदलत नाही. बदलला, तर कमांडमध्ये दुसरंच काही बदललंय.

मल्टिकोलिनिॲरिटीचंही, म्हणजे चलं एकमेकांशी घट्ट जोडलेली असण्याचंही, तसंच. एका चलाचं उरलेल्या चलांवर रिग्रेशन करून आर-स्क्वेअर ०.९ आला, तर व्हेरिअन्स १० पट, म्हणजे स्टँडर्ड एरर सुमारे ३.२ पट फुगतो. बायस मात्र येत नाही. म्हणून नको असलेलं चल फेकून द्या हा सल्ला धोक्याचा आहे. फेकलं की वर समीकरण यांनी दाखवलेला ३.५ येतो.

आणि नॉर्मल डिस्ट्रिब्युशन हे गॉस-मार्कोव्हचं गृहीतक नाही. ते लागतं लहान नमुन्यात टीचा तक्ता नेमका लागू करण्यासाठी.

समीकरण

काळमालिका अभ्यासक्रमात असेल तर एक सिम्युलेशन जास्तीचं करा. दोन एकमेकांशी संबंध नसलेल्या रँडम वॉक मालिका (प्रत्येक किंमत म्हणजे आधीची किंमत अधिक एक यादृच्छिक पाऊल) तयार करा, १०० टप्प्यांच्या, आणि एकीचं दुसरीवर रिग्रेशन चालवा. टी दोनच्या वर जायला १०० पैकी साधारण ५ वेळा मुभा असते. इथे तो निम्म्याहून जास्त वेळा जातो. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये हेच दाखवलं. आर-स्क्वेअर ड्युर्बिन-वॉटसनपेक्षा (लागोपाठच्या रेसिड्युअलमधलं नातं दाखवणाऱ्या आकड्यापेक्षा) मोठा दिसला की थांबा आणि युनिट रूटची (मालिका रँडम वॉकसारखी भरकटते का याची) चाचणी करा. त्या चाचणीला टीचा नेहमीचा तक्ता चालत नाही. कॉन्स्टंट घातलेला असेल तर मोठ्या नमुन्यात ५ टक्क्यांची मर्यादा −२.८६ च्या आसपास असते.

आठ आठवडे असे वाटा: पहिले दोन हाताच्या गणितांना आणि त्या तीन सिद्धतांना, पुढचे तीन सिम्युलेशनला, उरलेले जुन्या प्रश्नपत्रिकांतल्या तक्त्यांना. प्रत्येक तक्त्याखाली तीन वाक्यं लिहा: सहगुणकाचा अर्थ एककासह, अनिश्चितता किती, आणि एररमध्ये काय राहिलं असेल. तिसरं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल, तो द्या.