छोट्या जागेसाठी भरवशाचा ट्रॅक्टर: कंपनी बघायची का दुसरं काही?

नवा_बांध
मंडळी सरळ मुद्द्यावर येतो. जागा साडेतीन एकर, त्यात एक एकर फळझाडं, बाकी मोकळं रान, मागच्या अंगाला चांगला उतार. आत्तापर्यंत भाड्याचा ट्रॅक्टर बोलवत होतो पण वापसा (मशागतीला योग्य ओल) येतो तेव्हा तो दुसऱ्याच्या रानात असतो आणि तो मोकळा होतो तेव्हा आपलं रान वाळून दगड झालेलं असतं. तर आता स्वतःचाच घ्यायचा ठरलंय, २० ते ३० एचपीतला. कामं म्हणाल तर रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार), फवारणी, गवत कापणं, थोडंफार माती-खत ओढणं. वर्षाला १५० तासांच्या वर चालेल असं वाटत नाही. प्रश्न एकच, भरवशाची कंपनी कोणती? कुबोटा म्हणणारे भेटले, जॉन डिअर म्हणणारे भेटले, महिंद्रा म्हणणारे तर विचारूच नका, आणि प्रत्येक जण आपल्या दारात उभा आहे तोच चांगला म्हणतोय. एकदाच घेणार आहे, पोरगा चालवायला लागेल तोवर टिकायला पाहिजे.

केशरी_बॉनेट
कुबोटा घ्या आणि निवांत झोपा. १८९० सालची ओसाकाची कंपनी, सुरुवात ओतकामाची, पुढे पाण्याचे बिडाचे पाइप बनवले आणि छोटं डिझेल इंजिन तर त्यांच्या हातचा मळ. दुसऱ्या कंपन्या आपल्या मशीनमध्ये त्यांचं इंजिन बसवतात यातच काय ते समजा. बाकीचे लोक मोठा ट्रॅक्टर आटवून छोटा करतात, हे मुळात छोट्यातच मोठे झालेत. माझा ११ वर्षांचा आहे, २,४०० तास झाले, एक फॅन बेल्ट, दोन बॅटऱ्या आणि पुढचे टायर, बास. अजून काय पाहिजे माणसाला.

ग्रीस_गन
बिडाचे पाइप चांगले होते म्हणून ट्रॅक्टर चांगला, हे आज कळलं 😄

गेली २२ वर्षं सगळ्या रंगांचे ट्रॅक्टर उघडतोय. दुरुस्तीला येणारे बहुतेक ट्रॅक्टर कंपनीने मारलेले नसतात, मालकाने मारलेले असतात. एअर फिल्टर वर्षभर झटकलेला नाही, डिझेलच्या टाकीत तळाला पाणी, क्लचवर पाय ठेवूनच चालवायची सवय, रेडिएटरची जाळी गवताच्या बियांनी गच्च आणि वर तक्रार काय तर गरम होतोय. पहिली ५० तासांची सर्व्हिस तर निम्मे लोक चुकवतात, म्हणे नवीन तर आहे कशाला ऑइल बदलायचं. अरे बाबा नवीन आहे म्हणूनच, नवे गिअर एकमेकांवर घासून बसतात त्याचा चुरा त्या ऑइलमध्ये आणि फिल्टरमध्ये असतो.

आणि कंपनी कंपनी काय करताय, रंगाच्या आत कोण आहे ते बघा की. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डिअरने छोटे ८५० आणि ९५० काढले ते जपानच्या यानमारने बनवलेले. मॅसी फर्ग्युसनचे कित्येक छोटे ट्रॅक्टर जपानच्याच इसेकीचे. न्यू हॉलंडची काही छोटी मॉडेलं कोरियाच्या एलएसने बनवलेली. म्हणजे तुम्ही हिरव्या (डिअर) विरुद्ध लाल (मॅसी) म्हणून भांडताय आणि आत दोन्हीकडे तिसराच बसलाय.

केशरी_बॉनेट
बनवला कोणी हे ठीक आहे, पण पार्ट कोण देतो? बॉनेटवर ज्याचं नाव तोच. वीस वर्षांनी वॉटर पंप लागला तर तुम्ही यानमारच्या दारात जाणार का डिअरच्या? म्हणजे फिरून गाडी कंपनीवरच आली.

ग्रीस_गन
मी तेच म्हणतोय की, फक्त अर्धं पुढे जाऊन. कंपनीच्या मुख्य गोदामात पार्ट असणं वेगळं आणि तुमच्या जवळच्या काउंटरवर असणं वेगळं. नवा_बांध, एक काम करा. ज्या दोन-तीन मॉडेलांवर मन बसलंय त्यांच्या डीलरकडे जा पण शोरूममध्ये नका जाऊ, स्पेअरच्या काउंटरला उभे रहा. गिऱ्हाईक म्हणून विचारा, या मॉडेलचा हायड्रॉलिक फिल्टर, क्लच प्लेट आणि पुढच्या अ‍ॅक्सलचं ऑइल सील, आत्ता पाहिजे, आहे का. उत्तर ऐका आणि घरी या. शोरूमवाला चहा पाजेल, काउंटरवाला खरं सांगेल.

हिशेबी
सगळे इंजिनवरच का भांडतायत कळत नाही. गणित करा, वर्षाला १५० तास म्हणजे वीस वर्षांत ३,००० तास. नीट निगा ठेवली तर कुठलंही बऱ्यापैकी डिझेल इंजिन एवढं सहज चालतं, त्यात कंपनीचं कौतुक काही नाही. छोट्या जागेवरचा ट्रॅक्टर चालून मरत नाही, उभा राहून मरतो. महिनाभर शेडमध्ये पडला की बॅटरी बसते, सील कोरडी पडतात, डिझेलमध्ये पाणी धरतं, टायर एकाच जागी दबून चिरतात आणि उंदीर वायरिंग खातात. माझी आख्खी हार्नेस उंदरांनी खाल्लीय, त्याला कुठली वॉरंटी 😐

म्हणून माझं मत, नवा घेऊच नका. ८००-१,००० तासांचा जुना घ्या आणि उरलेल्या पैशात अवजारं घ्या. ट्रॅक्टर काय नुसता ओढतो, काम अवजार करतं.

केशरी_बॉनेट
जुना घ्या म्हणणं सोपं आहे हो. मीटर बंद पडलेला असतो नाहीतर पाडलेला असतो. मीटरवर ९०० तास आणि क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत, असले मी स्वतः बघितलेत.

जुनी_फाइल
जुन्यात अजून एक गोम आहे. जपानमध्ये वापरून झालेले छोटे ट्रॅक्टर रंगवून बाहेरच्या देशांत विकायचा मोठा धंदा होता, ग्रे मार्केट म्हणतात तो. नाव कुबोटाच, पण मॉडेल फक्त जपानसाठी काढलेलं, पाट्या जपानीत, आणि कितीतरी पार्ट बाहेरच्या मॉडेलला बसत नाहीत. अमेरिकेत खुद्द कुबोटाने याविरुद्ध तक्रार केली आणि १९९७ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने बऱ्याच मॉडेलांची आयात बंद केली. म्हणजे तोच कारखाना, तेच नाव आणि तरी गिऱ्हाईक फसलेलं.

नावावरून आठवलं. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये १९१६ च्या सुमारास काही लोकांनी ट्रॅक्टर कंपनी काढली, फोर्ड आडनावाचा एक माणूस शोधून कामाला घेतला आणि कंपनीला नाव दिलं फोर्ड. हेन्री फोर्डचा काडीचा संबंध नाही. तिथल्याच नेब्रास्का राज्याचा विल्मॉट क्रोझिअर नावाचा शेतकरी त्या नावावर गेला आणि डबा घरी घेऊन आला. हा गडी पुढे आमदार झाला आणि १९१९ मध्ये तिथे कायदाच करून घेतला की राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठात तपासून घ्यायचा. १९२० पासून त्या टेस्ट चालू आहेत. पीटीओला (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याला) खरी ताकद किती, तासाला डिझेल किती, लिफ्ट किती किलो उचलते, सगळे आकडे मिळतात. कंपनीच्या पत्रकापेक्षा असला टेस्ट रिपोर्ट वाचा. बॉनेटवर इंजिनचे एचपी लिहितात, रोटाव्हेटरला मिळतात पीटीओचे, आणि ते कमीच असतात.

केशरी_बॉनेट
ही गोष्ट मलापण माहितीये, पण तुम्ही अर्धीच सांगितली. त्याच क्रोझिअरने नंतर रुमली कंपनीचा ट्रॅक्टर घेतला आणि तो कंपनीने सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त ओढायला लागला. म्हणजे कंपनी-कंपनीत फरक होताच की! एक थापाडी, एक प्रामाणिक. मी वेगळं काय सांगतोय?

जुनी_फाइल
हा, हे मान्य. पण ती चांगली होती हे त्याला वापरल्यावर कळलं, नाव वाचून नाही.

दोन_पाने_एक
सगळ्यांना एकच सांगतो, कमीत कमी इलेक्ट्रॉनिक्स असलेला घ्या, कंपनी कोणतीही असो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर खटला भरला तो याच कारणावरून, दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरकडे, शेतकऱ्याकडे नाही. पाना हातात असून उपयोग नाही मग.

ग्रीस_गन
ते भांडण मुख्यतः मोठ्या मशीनचं आहे हो. २०-२५ एचपीच्या साध्या तीन सिलिंडरला कसलं आलंय सॉफ्टवेअर. डिअरच्या छोट्या ट्रॅक्टरवर त्यासाठी फुली मारू नका. उलट एचपी वाढवताना जपा. अमेरिकेच्या टिअर ४ नावाच्या इंजिनाच्या धुराच्या नियमात १९ किलोवॅट, म्हणजे साधारण २५ एचपी, ही रेघ आहे. तिच्या वर गेलं की काजळीचा नियम कडक होतो, मग बऱ्याच इंजिनांना सायलेन्सरजवळ काजळी अडवणारा फिल्टर आणि कॉमन रेल (डिझेल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) येतं. म्हणून तर तिकडे २४-२५ एचपीची मॉडेलं ढिगानं दिसतात. तो फिल्टर स्वतःला तापवून काजळी जाळतो पण त्याला इंजिन लोडवर जरा वेळ पळावं लागतं. तुम्ही दहा मिनिटं चालू करून खत हलवणार आणि बंद करणार, मग तो तुंबणारच. असला फिल्टर नसलेला २५ च्या आतला साडेतीन एकराला भरपूर झाला.

मोकळं_रान
२५ च्या आत?? आणि रोटाव्हेटर काय खेळण्यातला लावायचा? मी २२ चा घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक माझीच होती, त्यामागे ५ फुटी रोटाव्हेटर लावला आणि दोन सीझनमध्ये क्लच गेला. आता मी सरळ सांगतो लोकांना, ३५ च्या खाली बघूच नका.

ग्रीस_गन
चूक तुमचीच होती म्हणताय आणि शिक्षा एचपीला देताय. २२ मागे ५ फुटी लावल्यावर क्लच जाणार नाही तर काय होणार.

मोकळं_रान
कडक जमीन असेल तर ४ फुटीलापण २२ रडतो भाऊ. तुम्ही शेडमध्ये बसून बोलताय.

उतारावरचा
एवढी चर्चा झाली आणि नवा_बांध यांनी उतार आहे लिहिलंय ते कोणी वाचलंच नाही. दादा, भरवशाचा म्हणजे तुम्हाला जिवंत घरी आणणारा. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) नसेल तर कुठल्याच कंपनीचा घेऊ नका. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला हे सक्तीचं केलं आणि तिथे उलटून मरणाऱ्यांची संख्या नंतरच्या वर्षांत अगदी खाली आली. बार उभा असेल तर बेल्ट लावायचाच, बार असून बेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि ट्रॅक्टर त्याच्यावरच येतो. झाडांखाली जायला घडी पडणारा बार मिळतो, पण तो पाडलेला असताना बेल्ट लावायचा नाही, आणि बाहेर आलं की लगेच उभा करायचा. माझ्या सख्ख्या चुलत्यांचा ट्रॅक्टर बांधावरून गेला, तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो, कोणाला कंटाळा आला तरी.

मोठा घ्या म्हणणाऱ्यांना पण सांगतो, झाडांच्या ओळीत अंग चोरून वळवावा लागला तर त्या ३५ एचपीचं काय लोणचं घालायचं?

हिशेबी
गिअरचं पण कोणीतरी बोला. गवत कापणं आणि पुढे-मागे करणं जास्त असेल तर हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा) बरा, पाय दाबला की पुढे, क्लचची कटकट नाही.

ग्रीस_गन
आरामशीर आहे, नाही कोण म्हणतंय. पण काही ताकद ऑइलमध्येच जिरते, पीटीओला तेवढी कमी मिळते आणि ऑइल-फिल्टरला कंजुषी केली की पंप बसतो, मग खिसा रिकामा. रोटाव्हेटर मुख्य काम असेल तर साधा गिअरचाच घ्या.

केशरी_बॉनेट
माझा हायड्रोस्टॅटिकच आहे, ११ वर्षं, हात लावला नाही.

ग्रीस_गन
तुम्ही ऑइल वेळेवर बदलता म्हणून. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असती तर माझं दुकान बंद पडलं असतं.

नवा_बांध
आठ दिवसांनी परत आलो. सगळ्यांचे आभार, डोकं फिरवलंत पण कामाचं सांगितलंत. ग्रीस_गन यांनी सांगितलं तसं तीन डीलरच्या स्पेअर काउंटरला उभा राहिलो. नावं लिहीत नाही. ज्याच्यावर मन बसलं होतं त्याच्याकडे हायड्रॉलिक फिल्टर होता, क्लच प्लेट "मागवावी लागेल, तीन आठवडे", सीलचं तर त्याने नंबर पण शोधला नाही. दुसऱ्याने तिन्ही वस्तू फडताळातून काढून समोर ठेवल्या, वर विचारलं ट्रॅक्टर कुठं उभा आहे, माणूस पाठवू का. मी म्हणालो अजून घेतलाच नाही, तर हसायला लागला. तिसरीकडे काउंटरला कुलूप.

त्या दुसऱ्याकडचा २४ एचपीचा, गिअरचा, घडीचा रोल बार असलेला चालवून बघितला. मनातली कंपनी नव्हती. बायको म्हणाली रंगपण आवडला नाही. पण जवळजवळ तोच ठरतोय. आता अडलंय फक्त रोटाव्हेटरवर, साडेतीन फुटी का ४ फुटी?

केशरी_बॉनेट
मनातली कंपनी सोडू नका, डीलर बदलतात, कंपनी राहते. अजून वेळ गेलेली नाही.

मोकळं_रान
साडेतीन. माझ्यासारखं करू नका.

ग्रीस_गन
आधी मागच्या टायरची बाहेरची रुंदी मोजा. रोटाव्हेटर त्यापेक्षा थोडा तरी रुंद पाहिजे, नाहीतर भुसभुशीत केलेल्या रानात आपल्याच चाकाचे पट्टे दाबलेले राहतात. आणि ओळीत सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे तिथे दोरी टाकून बघा, बुंध्यापासून बुंध्यापर्यंत नाही, फांदीपासून फांदीपर्यंत. मग आकडे इथे टाका.

नवा_बांध
मोजतो. आत्ता झाडांत चिखल आहे, पाय ठेवता येत नाहीये, दोन दिवसांनी टाकतो.