गुपित आणि नकार
लैंगिक अत्याचारापासून वाचवायचं तर मुलांना अनोळखी माणसांपासून सावध राहायला शिकवावं, असं म्हणतात. हा मुद्दा पटतो. पण तेवढं पुरत नाही. त्रास देणारा बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतलाच असतो. आधी लाड करतो, खाऊ देतो, मग हळूच 'आईला सांगू नकोस हं' म्हणतो. म्हणून अंगाला हात लावण्याबाबत कुणीही गुपित ठेवायला सांगितलं तरी ते ठेवायचं नाही, हे लहानपणीच पक्कं करावं. शाळेतल्या एका तासाने हे होत नाही. घरी आंघोळ घालताना सहज बोलता येतं. पाहुण्यांना पापी द्यायला मूल नको म्हणालं, तर बळजबरी नको (आजी-आजोबा रुसले तरी चालेल!). आणि मुलाने काही सांगितलंच, तर 'तू तिथे गेलासच कशाला?' हे तोंडातून निघता कामा नये. आधी 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा, चौकशी नंतर.