माहितीपटात करवून घेतलेलं दृश्य चालावं का?

साधी_चौकट

चांगल्या माहितीपटांच्या याद्या भरपूर मिळतात. पण त्यांत घडताना टिपलेलं आणि कॅमेऱ्यासाठी करवून घेतलेलं एकाच टोपलीत पडलेलं असतं. माझं मत असं की करवून घेतलेलं दृश्य आलं की तो माहितीपट राहत नाही.

'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) घ्या. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या काठच्या इनुइट या मूळ रहिवाशांवरचा हा मूकपट आजही पहिला मोठा माहितीपट म्हणून शिकवला जातो. नायकाचं खरं नाव अल्लाकारिआलाक. तिथे तोवर बंदुका आल्या होत्या, तरी रॉबर्ट फ्लाहर्टीने वॉलरसची शिकार हार्पूनने, म्हणजे दोरीच्या भाल्याने, करायला लावली. इग्लूच्या, म्हणजे बर्फाच्या घराच्या, आत फिल्मला पुरेल एवढा उजेड नव्हता, म्हणून एका बाजूने उघडा इग्लू बांधून घेतला आणि त्यात कुटुंबाला झोपायला लावलं. डिस्नेचा 'व्हाइट विल्डरनेस' (१९५८) तर याहून वाईट. त्यात लेमिंग हे उंदरासारखे प्राणी बाहेरून कॅनडातल्या अल्बर्टात आणले, जिथे समुद्रच नाही, कड्यावरून नदीत ढकलले आणि ते आपणहून समुद्रात उड्या घेतात असं दाखवलं. त्याला ऑस्करही मिळालं. ती समजूत अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही.

उलट 'जय भीम कॉम्रेड' (२०११) बघा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन तिथून पुढे १४ वर्षं चित्रण करत राहिले. घोगरे पडद्यावर गाताना दिसतात ते पटवर्धनांनीच १९८५ च्या 'हमारा शहर'साठी टिपलेल्या चित्रणातून. कुणाला त्यांच्या वेशात उभं करावं लागलं नाही.

संकलनाचं_टेबल

असहमत. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात. उघडा इग्लू ही उजेडाची सोय होती, त्याने त्या माणसांबद्दल काही खोटं सांगितलं जात नाही. हातातली बंदूक काढून हार्पून देणं म्हणजे त्यांना मागच्या पिढीत ढकलणं, तो दोष खराच. लेमिंगचं प्रकरण ही सरळ फसवणूक.

'द थिन ब्लू लाइन' (१९८८) पाहिलात का? १९७६ मध्ये डॅलसमध्ये एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल अ‍ॅडम्सला फाशी सुनावली गेली, पुढे ती जन्मठेपेवर आली. एरल मॉरिसने ती रात्र पुन्हा पुन्हा उभी केली, पण दर वेळी एकेका जबानीप्रमाणे. गाडीत एक माणूस की दोन, दुसरी पोलीस गाडीबाहेर उभी होती की आतच बसून होती, हे दर फेरीत बदलत जातं. जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत हे नुसतं ऐकून ठसलं नसतं. 'खरं असं घडलं' म्हणणारं दृश्य त्यात एकदाही येत नाही. अ‍ॅडम्स १९८९ मध्ये सुटला. तुमचा निकष लावला तर हा माहितीपट बाद होतो, म्हणजे निकषच चुकलाय.

रानवाट

हा निकष वन्यजीवपटांना लावलात तर हाती काहीच उरणार नाही. दोनशे मीटरवरून लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलेल्या चित्रासोबत पावलांचा आवाज येतच नाही, माइकमध्ये वारा आणि माणसांची कुजबुज येते. ते आवाज नंतर स्टुडिओत करतात. बर्फावरच्या पावलांसाठी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून ती दाबतात, कारण त्याचा करकर आवाज बर्फासारखाच येतो. हे मला चालतं.

चालत नाही ते 'फ्रोझन प्लॅनेट' (२०११) मधलं. ध्रुवीय अस्वलीच्या पिल्लांचा जन्म नेदरलँड्सच्या प्राणिसंग्रहालयात चित्रित केला होता. कारण पटण्यासारखं आहे, जंगलात अस्वलीच्या बिळात कॅमेरा घातला तर पिल्लांच्याच जिवावर बेतेल. पण निवेदनात तसं सांगितलं नाही, ती माहिती संकेतस्थळावर होती. एका वाक्याचं काम होतं.

साधी_चौकट

'थिन ब्लू लाइन'पुरतं मान्य. तिथे पुनर्चित्रण जबानीची तपासणी करतं. पण त्याची नक्कल करणारे नेमकं तेच सोडतात. आजच्या गुन्हे-मालिकांत एकच बाजू नटांकडून करवून घेतात, चित्राला जुन्या व्हिडिओसारखे दाणे देतात आणि खऱ्या चित्रणाला लागून जोडतात. तासाभराने कुठलं खरं आणि कुठलं केलेलं हे प्रेक्षकाला आठवत नाही.

घरी बघताना ओळखायचं तर आधी कॅमेरा कुठे आहे ते पाहा. माणूस दार उघडून आत येतो आणि कॅमेरा आधीपासून खोलीत आहे, तर त्याला थांबवून पुन्हा यायला सांगितलं असण्याची शक्यता बरीच. एकच कॅमेरा असलेल्या चित्रणात एकच वाक्य दोन बाजूंनी, ओठांशी नेमकं जुळून दिसलं, तर ते दोनदा बोलवून घेतलंय. शिवाय बोलणाऱ्याचे ओठ टाळून हात किंवा खिडकी दाखवली की आवाजात तिथे कापाकापी झाली असण्याचा संभव असतो, डोळे मिटून ऐका म्हणजे मागच्या आवाजातला सांधा कळतो.

शांत_रीळ

'शोआ' (१९८५) चं काय करणार? नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा, साडेनऊ तासांच्या आसपासचा हा माहितीपट. क्लॉद लान्झमानने छळछावण्यांचं एकही जुनं चित्रण त्यात वापरलं नाही. पण त्रेब्लिंका या नाझींच्या मृत्युछावणीला गाड्या नेणाऱ्या इंजिनचालकाला भाड्याने घेतलेल्या इंजिनावर पुन्हा उभं केलं. अब्राहम बोंबा त्रेब्लिंकात गॅसकोठडीत जाणाऱ्या बायकांचे केस कापत असे. तो तेव्हा निवृत्त झाला होता, तरी तेल अवीवमध्ये केशकर्तनालय भाड्याने घेऊन त्याच्या हाती कात्री दिली. बोलता बोलता तो थांबतो, पुढे बोलवत नाही, आणि लान्झमान त्याला बोलतं ठेवतो. कात्रीशिवाय ती आठवण तशी वर आली नसती.

साधी_चौकट

तीच माझी अडचण आहे. तो नको म्हणत असताना कॅमेरा चालू ठेवायचा हक्क कुणाचा?

शांत_रीळ

बोंबाला आपण कशासाठी बोलतोय हे ठाऊक होतं. त्यापेक्षा छावणीतल्या माजी रक्षकाचं नाव उघड करणार नाही असा शब्द देऊन छुप्या कॅमेऱ्याने त्याचं चित्रण केलं, त्यावर भांडा. तिथेही मी लान्झमानच्या बाजूने आहे, पण तो वाद जास्त खरा आहे.

संकलनाचं_टेबल

एक आपल्याकडचं उदाहरण. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर त्याची वाढ टिपली आणि पडद्यावर मिनिटभरात रोप वर आलं, ती 'अंकुराची वाढ'. तसा वेगाने वाढणारा अंकुर कुणाच्या डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. तरी त्याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण काय केलंय ते पाहताक्षणी कळतं.

रानवाट

ज्यांना करवून घेतलेलं अजिबात नको, त्यांनी 'हनीलँड' (२०१९) बघावा. उत्तर मॅसेडोनियातली, रानमधमाश्या सांभाळणारी हातीजे. तीन वर्षं आणि ४०० तासांहून जास्त चित्रण, त्यातून दीड तासाच्या आतला माहितीपट. ती जुनी तुर्की बोली बोलते, चित्रण करणाऱ्यांना ती कळत नव्हती. म्हणून पहिलं संकलन आवाज बाजूला ठेवून केवळ चित्रांवर केलं. अर्धा मध काढायचा, अर्धा माश्यांना ठेवायचा हा तिचा नियम शेजारी मोडतात, आणि त्यांच्या माश्या तिच्या पोळ्यांवर तुटून पडतात. त्यात 'साधी_चौकट' यांनी सांगितलेल्या दाराच्या खुणेवर लक्ष ठेवा, आणि ४०० तासांतलं काय गाळलं असेल याचाही विचार करा.