ऑफिसच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंग: ७.४ की ३.३ किलोवॅट?

प्रश्न: नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत कारखाना. स्टाफच्या ६ कार, १२ स्कूटर. वीज कंपनीने मंजूर केलेल्या भारात ३० किलोवॅट शिल्लक. ७.४ चे चार्जर बसवावेत का?

उत्तर १: कशाला? गाडी ८ तास उभीच असते. ३.३ वर तेवढ्यात २६ युनिट वीज जाते. रोजच्या ४० किमीला ६-७ पुरे. सहा कारचे २०, स्कूटरचे ९ किलोवॅट, ३० मध्ये भागलं. फक्त तिन्ही फेजवर दोन-दोन कार वाटा, नाहीतर न्यूट्रल (परतीची तार) तापेल.

उत्तर २: साधा १६ अँपिअरचा सॉकेट नकोच. चार्जर तासन्‌तास १४-१५ अँपिअर ओढतो. स्क्रू जरा सैल असला की प्लास्टिक पिवळं पडून वितळतं. निळा इंडस्ट्रियल सॉकेट घ्या. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (करंट गळला किंवा जादा झाला की वीज तोडणारा स्विच), सामायिक ठेवलात तर एका गाडीपायी सगळ्या बंद.

उत्तर ३: आणि मे महिन्यात तापणारा पार्किंगचा पत्रा विसरू नका राव! त्या उष्णतेसाठी केबल ४ नव्हे, ६ चौरस मिमी तांब्याची.