क्यू आला, यू आलाच नाही

*सी-१०१ :* सर्व सभासदांना नमस्कार. काल क्लब हाऊसमध्ये झालेल्या स्क्रॅबलच्या, म्हणजे अक्षरांच्या चकत्या पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळाच्या, उपांत्य सामन्यात ए-३०२ च्या वहिनींनी क्यू आणि आय या दोनच अक्षरांचा शब्द लावून एका चालीत ६२ गुण घेतले आणि मी हरलो, याबद्दल माझी लेखी हरकत नोंदवून घ्यावी. इंग्रजीत क्यूच्या पाठोपाठ यू येतोच, हे आम्हाला शाळेत पाठ करून घेतले होते. शिवाय अर्थ विचारला असता वहिनींनी ‘काहीतरी चिनी आहे’ एवढेच उत्तर दिले.

*ए-३०२ :* भाऊजी, हिशेब सर्वांसमोर मांडते. तुम्हीच लावलेल्या ‘टॅक्सी’ या शब्दातील शेवटच्या आयच्या बरोबर वर अक्षराचे गुण तिप्पट करणारा चौकोन होता. तिथे मी क्यू ठेवला आणि त्याच्या उजवीकडे माझा आय. क्यूचे १० गुण तिप्पट होऊन ३० झाले, आयचा एक मिळवून ३१, आणि तोच शब्द उभाही झाला व आडवाही, म्हणून ६२. जागा तुम्हीच करून दिली होती, त्याबद्दल आभार.

*सचिव :* चर्चा जरूर करावी, मात्र विषयाला धरून. लिफ्टच्या तक्रारी दुसऱ्या ग्रुपवर.

*बी-५०४ :* काका, शब्द अगदी वैध आहे. उत्तर अमेरिका वगळता बहुतेक ठिकाणी इंग्रजी स्क्रॅबल कॉलिन्स या शब्दकोश प्रकाशकाच्या शब्दयादीनुसार खेळतात. २०१९ च्या आवृत्तीपासून त्या यादीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत आणि त्यांत क्यू असलेला हा एकच. अमेरिकेच्या यादीत तो २००६ मध्ये आला. उच्चार ‘ची’, अर्थ चिनी विचारातील प्राणशक्ती, आपण ज्याला प्राण म्हणतो त्याच्या जवळचा. चीनने १९५८ मध्ये रोमन लिपीतील पिनयिन ही लेखनपद्धती स्वीकारली, तीत या ध्वनीसाठी क्यू ठरला. जुन्या पद्धतीने हाच शब्द सी-एच-आय असा लिहीत आणि जपानी उच्चारावरून के-आय असाही लिहितात. गंमत म्हणजे ही तिन्ही रूपे स्क्रॅबलमध्ये चालतात.

*सी-१०१ :* म्हणजे एकाच शब्दाला तीन वेळा प्रवेश. सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्यांना एवढी सवलत नाही.

*डी-२०३ :* सर, मी तीस वर्षे भाषा शिकवली असल्याने थोडे सविस्तर लिहितो. क्यूमागे यू हा इंग्रजीचा मूळ स्वभावच नाही. ‘क्वीन’ हा शब्द जुन्या इंग्रजीत सी-डब्ल्यू-ई-एन असा लिहिला जात असे. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच लेखनिकांनी लॅटिनमधून आलेली क्यू-यूची जोडी तिथे रुळवली. नंतर अरबी, हिब्रू आणि चिनी शब्द रोमन लिपीत उतरवले गेले, तेव्हा त्यांना त्या जोडीशी काहीच देणेघेणे नव्हते.

यांतील अरबी शब्द तर आपल्या ओळखीचे निघतात. अरबीत घशाच्या मागून उच्चारला जाणारा ‘काफ’ आहे, आपण मराठीत त्याचा साधा ‘क’ करून टाकला, इंग्रजीने त्याच्यासाठी क्यू वापरला. त्यामुळे आपला फकीर तिथे क्यू घालून लिहिता येतो, काजी क्यू-ए-डी-आय होतो, तलाकच्या शेवटी क्यू येतो, बुरख्याच्या पोटात आणि नकाबाच्या जोडीदार निकाबातही येतो. कव्वालीसुद्धा त्याच अक्षराने सुरू होते. क्यू-ए-आय-डी पाहून मात्र कैद आठवू नये आणि कायदाही आठवू नये. तो ‘काइद’, म्हणजे पुढारी. कायदे आझम या बिरुदात तोच आहे आणि त्याचा आपल्या कायद्याशी धातूपासूनच संबंध नाही. (माझी अर्धी हयात तो संबंध आहे असे समजण्यात गेली.)

आणखी एक गोष्ट. क्यू-ओ-पी-एच हा शब्दही चालतो. ते हिब्रूतील एका अक्षराचे नाव, उच्चार ‘कोफ’. रोमन क्यू, हिब्रू कोफ आणि अरबी काफ ही तिन्ही अक्षरे एकाच फिनिशियन अक्षराची वंशज आहेत. तेव्हा अरबी काफसाठी क्यू वापरणे हे चुलत भावाला घरात घेण्यासारखे आहे. यू हाच लॅटिनने मध्ये आणलेला भाडेकरू.

*ए-३०२ :* सर, भाडेकरूंबाबत कार्यकारिणीचे मत तुम्हाला ठाऊक आहेच.

*बी-५०४ :* तीन अक्षरीही सांगते. क्यू-ए-टी, म्हणजे येमेन आणि पूर्व आफ्रिकेत ज्याची पाने तरतरीसाठी चघळतात ते झुडूप. एस-यू-क्यू, म्हणजे अरबी बाजार. यात यू आहे, पण क्यूच्या आधी. इराक आणि कतार मात्र विशेषनामे, म्हणून चालत नाहीत.

*ई-४०२ :* क्यू-ए-एन-ए-टी विसरू नका. ‘कनात’ म्हणजे उताराचा फायदा घेऊन दूरचे भूजल आणणारा जमिनीखालचा बोगदा, मूळ इराणचा. आमच्या छत्रपती संभाजीनगरला सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी त्याच तत्त्वावर चालत असे. आपल्या मांडवाच्या कनातीशी याची गल्लत नको.

*सी-१०१ :* माहिती उत्तम आहे आणि व्युत्पत्तीपुढे माझी हरकत टिकत नाही, हे मान्य. परंतु मूळ प्रश्न राहतोच. ज्याला अर्थ ठाऊक नाही त्याने तो शब्द का लावावा? अर्थाशिवाय शब्द म्हणजे नुसत्या लाकडी चकत्या.

*बी-५०४ :* काका, न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद जिंकले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. काही आठवड्यांत त्यांनी केवळ शब्दयादी पाठ केली होती. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. खेळात प्रश्न एवढाच असतो की शब्द यादीत आहे की नाही.

*डी-२०३ :* नियम म्हणून हे बरोबर आहे. तरीही मला सी-१०१ च्या बाजूचे थोडे पटते. पूर्ण यादी घोकणाऱ्याला मी नमस्कार करीन, पण चहा घ्यायला मला अर्थ सांगणाऱ्याबरोबरच आवडेल.

*क्रीडा समिती :* निर्णय पुढीलप्रमाणे. कालचा निकाल कायम राहील. अंतिम सामन्यात कॉलिन्सची यादी प्रमाण मानली जाईल आणि अर्थ सांगणे बंधनकारक नसेल. बारा वर्षांखालील गटात मात्र तीन किंवा कमी अक्षरांचा शब्द लावणाऱ्याने त्याचा अर्थ सांगावा, कारण मुलांच्या पालकांचीच तशी मागणी आहे. यू नसलेल्या क्यूच्या शब्दांचा अर्थांसह तक्ता बी-५०४ यांनी सूचनाफलकावर लावावा.

*सी-१०१ :* निर्णय मान्य. तक्ता मोठ्या अक्षरांत छापावा ही विनंती. गेल्या रविवारच्या सामन्यात शेवटपर्यंत माझ्या हातात क्यू, ए आणि टी राहिले होते, यू येईल म्हणून मी थांबलो, आणि अखेरीस त्या तिघांचे १२ गुण माझ्यातून वजा झाले. ते परत मागण्याची तरतूद नियमांत नसावी, असे दिसते.