अंतराळवीराच्या शरीराच्या आत किती रेडिएशन पोचतं हे कसं काढतात?

प्रश्न:
स्पेस स्टेशनवर प्रत्येकाकडे डोसिमीटर (रेडिएशन मोजायचं छोटं यंत्र) असतो ते माहितीये, पण तो अंगावर असतो ना, म्हणजे कातडीजवळचा डोस सांगणार. मग पोट, फुफ्फुसं, अस्थिमज्जा इथे किती पोचलं ते कसं कळतं? जिवंत माणसाच्या आत तर मीटर बसवता येत नाही. की बाहेरचाच आकडा धरून चालतात?

रिप्लाय १:
माणसाच्या आत नाही पण पुतळ्याच्या आत बसवतात, त्याला फँटम म्हणतात. 2004 मध्ये मात्रोश्का नावाचा डोकं-धड असलेला पुतळा स्टेशनच्या बाहेरून लावला होता, 33 चकत्यांचा, एकेक अडीच सेंमी जाड, आणि त्यात हजारो टीएलडी. हे टीएलडी म्हणजे लिथियम फ्लोराइडचे बारीक तुकडे, खाली आणून तापवले की उजेड देतात आणि त्यावरून डोस काढायचा. नंतर तोच पुतळा स्टेशनच्या आतही ठेवला. निकाल जबरदस्त आहे, आत असताना छातीवरचा डोसिमीटर खऱ्या इफेक्टिव डोसपेक्षा (सगळ्या अवयवांचा धोका धरून काढलेला पूर्ण शरीराचा डोस) साधारण 15 टक्के जास्त दाखवतो, बाहेर मात्र 200 टक्क्यांहून जास्त!

प्रश्नकर्ता:
एवढा फरक का पण? म्हणजे स्पेसवॉक वाटतो त्यापेक्षा सेफ?

रिप्लाय २:
बाहेर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन-प्रोटॉन खूप असतात, ते कातडीतच अडतात, आतल्या अवयवांना आपलंच शरीर आडोसा देतं. पण लगेच सेफ म्हणू नका, कातडी आणि डोळ्यांना तो डोस बसतोच. शिवाय गॅलॅक्टिक कॉस्मिक किरणांमधले (सूर्यमालेबाहेरून येणारे वेगवान कण) लोखंडासारखे जड आयन आरपार जातात आणि टीएलडी नेमका त्यांनाच कमी मोजतो, म्हणून सोबत सीआर-39 प्लास्टिक ठेवतात, त्यात आयनची वाट कोरली जाते. दोन्ही जोडून मग क्वालिटी फॅक्टरने (कुठलं रेडिएशन किती घातक त्याचा आकडा) गुणायचं, तेव्हा ग्रेचे (शरीरात शोषलेली ऊर्जा) सीव्हर्ट (त्यातून होणारा अपाय) होतात. माझ्या मते सगळ्यात नाजूक पायरी हीच, नुसत्या ग्रेवरून धोका कळत नाही.

रिप्लाय ३:
आणि हे सगळं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आतलं बरं का. बाहेरसाठी 2022 च्या आर्टेमिस 1 या नासाच्या माणसाविना चांद्रमोहिमेत हेल्गा आणि झोहर असे दोन स्त्री-फँटम चंद्राकडे पाठवले, झोहरला संरक्षक जॅकेट होतं, हेल्गाला नव्हतं. स्त्री-शरीर मुद्दाम घेतलं ते फार बरं केलं, स्तन आणि अंडाशय रेडिएशनला जास्त नाजूक, आणि मात्रोश्कावरून त्यांचं नीट कळत नाही. प्रत्यक्ष अंतराळवीरासाठी मग डोसिमीटरचं रीडिंग, यानाच्या भिंतींची जाडी आणि कॉम्प्युटरमधलं शरीराचं मॉडेल घेऊन अवयवागणिक डोस काढतात, आणि ते मॉडेल बरोबर चाललंय का ते तपासायला हे फँटम लागतात.