अरेबिका म्हणजे मालदांडी आणि रोबस्टा म्हणजे हायब्रीड का?

उदगीरकर:
पुतण्या बंगळुरूला नोकरीला आहे. दिवाळीला येताना फिल्टर आणि कॉफीची दोन पाकिटं घेऊन आला. एकावर नुसतं 'अरेबिका', दुसऱ्यावर 'रोबस्टा, चिकोरी 30 टक्के'. पहिलं लई महाग, पण घरचे सगळे दुसरीच मागायलेत. ज्वारीत मालदांडी आणि हायब्रीड असतं, तसंच आहे का हे? आणि विहिरीजवळ आंब्याच्या सावलीत चार रोपं लावली तर येतील का?

परभणी_ते_चिकमगळूर:
दादा, संकराचं म्हणाल तर उलटं आहे. रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या दोन रानजातींचा फार पूर्वी आफ्रिकेत आपसूक संकर झाला, त्यातून अरेबिका आली. रोबस्टाची गुणसूत्रं 22, अरेबिकाची 44. म्हणजे तुमचं महागाचं पाकीटच हायब्रीड!

मी कॉफीच्या मळ्यावर काम करतो. रोबस्टाला कुणी हलकं म्हटलं की मला राहवत नाही. अरेबिकाला वास आणि नाजूक आंबटपणा आहे, कबूल. पण तिला उंची लागते, थंडावा लागतो, आणि खोडकिडा लागला की उभं झाड वाळतं. 1869 पासून तांबेरा या पानांवरच्या रोगानं श्रीलंकेतले अरेबिकाचे मळे उद्ध्वस्त केले, मग तिथं चहा आला. रोबस्टा तांबेऱ्याला सहसा दाद देत नाही. कॅफिन जवळपास दुप्पट, म्हणून कडवट, पण दुधात चव मरत नाही. भारतात निम्म्याहून जास्त कॉफी तीच पिकते.

चिकोरी ही भाजलेली मुळी. तिच्यात कॅफिन नसतं. रंग आणि दाटपणा तिचा. घरच्यांना नेमकं काय आवडलं ते कळायला एकदा बिनचिकोरीची रोबस्टा दुधात करून बघा.

रोपांचं मात्र सोडा. आपली काळी, चुनखडीची जमीन कॉफीला मानवत नाही. तिला निचऱ्याची, जराशी आम्लधर्मी माती हवी. मार्च-एप्रिलात वळीव पडला की तिकडं फुलं धरतात, आणि आपल्याकडं तेव्हा झळा सुरू होतात.

किनवटकर:
चिकमगळूरजवळच्या बाबाबुदनगिरीला जाऊन या. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून तिथं लावल्या असं सांगतात. आपल्या माहूरसारखंच तिथंही दत्ताचं ठाणं मानतात.

उदगीरकर:
पुतण्याला बिनचिकोरीची रोबस्टा सांगितली. तो विचारतोय, 'पीबेरी' आणू का?

परभणी_ते_चिकमगळूर:
आणू द्या. एरवी फळात दोन चपट्या बिया असतात, पीबेरीत एकच, गोल. दोन्ही जातींत निघते, म्हणून पाकिटावर रोबस्टा लिहिलंय का तेवढं बघायला सांगा.